चौकटीवरचे ठिपके

माझं तोंड वाईट आहे, हे दिघाशीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. गावात आशा सेविका म्हणून काम करायला लागून चौदा वर्षं झाली. लस चुकवली की मी ओरडते, तापलेल्या पोराला गोधडीत गुंडाळलं की ओरडते. बाया लांबून बघूनच म्हणतात, "हौसा आली, दार लावा." ओरडल्याशिवाय इथं ऐकतंय कोण, असं मी म्हणायची. आता म्हणत नाही.

हरेश आणि तुळजाची रुचिका अडीच वर्षांची. तिला फिट यायच्या. भिवंडीच्या डॉक्टरांनी पातळ औषध लिहून दिलं. सकाळी अडीच एमएल, संध्याकाळी अडीच एमएल, बिनसुईच्या सिरिंजनं मोजून. दीड महिना पोरीला एकही फिट आली नाही. अंगणात कोंबड्यांमागं धावायची आणि मला बघितलं की "हौछा, हौछा" करत पायाला मिठी मारायची. अख्ख्या गावात मला बघून खूश होणारं ते एकच माणूस.

हरेश वडप्याच्या गोदामात रात्रपाळीला, सकाळी सातला घरी. तुळजा दुसऱ्या गोदामात पॅकिंगला, तिची गाडी साडेसातला नाक्यावर. मागं घरात हरेशची आई, जानकीबाई. एकाच्या चपला निघतात तोवर दुसऱ्याच्या चढतात, बोलायला वेळ कुणाला? एका सकाळी हरेशनं आल्या आल्या पोरीला औषध पाजलं आणि आडवा झाला. तुळजानं निघताना पाजलं. सून घाईत विसरली असेल म्हणून आठ वाजता जानकीबाईनं पुन्हा पाजलं. तिघांनी मायेनंच पाजलं हो.

दहाला मी सहज डोकावले. "झोपू दे गं, कधी न्हाय ती गपगार झोपलीय," म्हातारी कौतुकानं म्हणाली. मी पोरीला उचललं तर मान लुळी. श्वास चाललाय का ते नाकाशी बोट धरून बघावं लागलं. गावातल्या केसरीनाथच्या रिक्षात घालून दवाखान्यात नेली. तीन दिवस नळ्या लावून ठेवली होती. वाचली. डॉक्टरांनी दवाखान्यातल्याच औषधाच्या दुकानातून नवी बाटली घ्यायला लावली, तेवढंच औषध तसंच चालू ठेवायला सांगितलं.

घरी आणली त्या दिवशी मी गेले आणि तोंडाचा पट्टा सोडला. "तीन-तीन माणसं घरात! 'दिलं गं' एवढं सांगायला जीभ झडते काय रे तुमची? एक थेंब जास्त गेला ना आता, तर ही पोर मेली. आणि तुमच्याच हातानं मेली, हे ध्यानात ठेवा!" शेजारपाजारचे दारात जमले, तरी मी थांबले नाही. तुळजा भिंतीला टेकून दोन्ही हात पदरात लपवत होती. मला वाटलं, बरं झालं, चांगलं भिनलं.

मग तोडगाही मीच काढून दिला. वाटीत कुंकू तेलात कालवलं आणि दाराची चौकट दाखवली. "औषध पाजलं की इथं एक बोट टेकवायचं, रोजचं नवं, कालच्याखाली. सकाळचं डावीकडं, संध्याकाळचं उजवीकडं. त्या वेळचा ठिपका दिसला की बाटलीला कुणी हात लावायचा न्हाय." औषध एकदम तोडलं तर फिट उलटून येते, हेही डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते मी बोलले का? बोलले. पण शेवटी, दारात, चपला घालता घालता.

आठ दिवस मी रोज त्या दारावरून गेले. डावीकडं ठिपका, उजवीकडं ठिपका, एक म्हणून चुकला नाही. आत जायची गरजच वाटली नाही. तालुक्याच्या मीटिंगमध्ये मी ही युक्ती सांगितली, तर बायांनी टाळ्या वाजवल्या. माझी छाती काय फुगली होती, मेलीची!

नवव्या दिवशी अकराच्या सुमाराला जानकीबाईची किंकाळी ऐकू आली. मी धावले. रुचिकाला फिट आली होती आणि ती थांबतच नव्हती. पुन्हा केसरीनाथची रिक्षा. हरेश झोपेतून उठून तसाच उघडा, पोर मांडीवर. वडप्याला कंटेनरची ही रांग. मी खाली उतरून ड्रायव्हरांना शिव्या घातल्या, हात जोडले, बोनेटवर थापा मारल्या. दवाखान्याच्या पायऱ्या चढलो तेव्हा ती गेलेली होती. एका पायात पैंजण होतं, दुसरं कुठं पडलं ते सापडलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले ती दुकानदारावर भडकूनच. "औषधच खोटं निघालं! आण ती बाटली, त्याच्या तोंडावर मारते." तुळजा उठली. देव्हाऱ्यामागून तिनं बाटली काढून माझ्या हातात दिली. दवाखान्यातून आणलेली तशीच होती. झाकणाचं सीलसुद्धा फोडलेलं नव्हतं.

हरेशनं बाटली माझ्या हातातून घेतली. "पन ठिपका तर व्हता," तो म्हणाला. "मी रोज यायचो, बाटली कुठाय बघायचो. तवर चौकटीवर ठिपका दिसायचा. मग मी हात मागं घ्यायचो."

"मीच लावायची," तुळजा म्हणाली. "सकाळचा बी, सांजचा बी. सासूबाई इचारायच्या त्यांना बी दिलं म्हून सांगायची. न्हाय लावला तर ताई वरडतील, चार लोकांत काढतील." तिनं माझ्याकडं बघितलं. डोळ्यांत राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "तुम्हीच बोललेल्या ना ताई, तुमच्याच हातानं मरंल म्हून. मग मी हातच लावला न्हाय."

दुधानं पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात. हिनं पेलाच ठेवून दिला, आणि तिला पोळवलं ते दुधानं नाही, माझ्या जिभेनं. हे मी तिला सांगायला हवं होतं. जानकीबाई गळा काढून रडायला लागली आणि मी उठून आले. चौकटीवर दोन्ही बाजूंना आठ-आठ ठिपके होते, नवव्या दिवसाचा एकटा डावीकडं.

परवा मी पार्वतीच्या घरी गेले. तिच्या पोराला टीबीच्या गोळ्या चालू आहेत. मी मुद्दाम हळू आवाजात म्हटलं, "बाय, गोळ्यांचं पाकीट दाखवतेस का?" तिनं आधी दार पुढं ओढलं. मग फटीतून म्हणाली, "देते ताई, सगळ्या येळेवर देते." पाकीट काही बाहेर आलं नाही. पूर्वीची मी दार ढकलून आत गेले असते. आता ओट्यावर बसले आणि ती कधी दार उघडते त्याची वाट बघत राहिले.