वावरात टांगलेला पिक्चर

"मोबाईलमध्ये सारे पिक्चर हायेत, मामाजी. ह्या सीड्या कायले जपता?" असं सासऱ्याले म्हणून मीच त्या सुतळीनं ज्वारीत टांगल्या, पाखरं भ्यावी म्हणून.

आज त्यायचा आवडता पिक्चर लावाले गेली, तर मेल्या मोबाईलवर दिसेच ना. अ‍ॅपवाल्यायनं काढून टाकला म्हणे. मी तशीच वावरात पळाली. पेनानं लिहिलेल्या नावावरून सीडी सापडली. पदरानं पुसून जुन्या प्लेअरमध्ये टाकली. पिक्चर सुरू झाला, पण गाण्याच्या मधातच अटकला. वावरातल्या उन्हानं खराब झाली वाटून मी सीडी काढाले धावली.

मामाजी खुर्चीत निवांत टेकले. "भिऊ नको, दीपमाला. पंधरा वर्षं झाले, थे इथंच अटकते. तेवढं कडवं मी म्हणतो," म्हणत त्यायनं सूर लावला.