बिनपंख्याचा बोर्ड

“काका, हे तुम्ही मला मंगळवारी पण विचारलं होतं,” काउंटरवर दोन्ही कोपरं टेकून धनेश म्हणाला. “आणि मी तेव्हा पण हेच बोललो. गरम होतो, पण जळत नाय.”

“किती गरम, ते विचारतोय मी,” हेमचंद्र शांतपणे म्हणाले.

लॅमिंग्टन रोडवरच्या त्या चिंचोळ्या दुकानात त्यांच्यापुढे दोन मदरबोर्ड मांडलेले होते. डावीकडचा ताकदवान, त्यावर प्रोसेसर वेगळा बसवायचा आणि प्रोसेसरच्या डोक्यावर पंखा. उजवीकडचा जेमतेम दोन तळव्यांएवढा, प्रोसेसर त्यातच कायमचा जोडलेला, आणि पंख्याच्या जागी अॅल्युमिनियमच्या पातळ पात्यांचा ठोकळा. शून्याच्या दिव्याला लागते तेवढ्याच विजेवर तो चालत असे. हेमचंद्रांनी खिशातून भिंग काढलं आणि दोन्हींवरचे कपॅसिटर पुन्हा एकदा तपासले. गिरगावातल्या खाऱ्या, दमट हवेत हलक्या प्रतीचे कपॅसिटर लवकरच पोट फुगवून बसतात, हा त्यांचा अनुभव होता.

“पंखेवाला घ्या. फास्ट आहे,” धनेश म्हणाला.

“पंखा हा यंत्रातला सगळ्यात आधी मरणारा भाग असतो. आणि मला वेग नकोय. मला बंद न पडणारं काहीतरी हवंय.”

“मग बिनपंख्याचा घ्या ना!”

“त्याच्या तापमानाचाच तर प्रश्न आहे.”

धनेशने असहायपणे स्टुलावर बसलेल्या नलूकडे पाहिलं. ती तिथे मघापासून गळ्याभोवतीचा स्कार्फ सारखा करत बसली होती.

“काकी, घरी पण हे असंच करतात?”

“लग्नाआधी मला तीन वेळा बघायला आले होते,” नलू म्हणाली. तिचा आवाज कोरड्या पानांवरून कुणी चालावं तसा येत होता. “तिसऱ्यांदा आमच्या घरचा फ्यूज तपासून गेले.”

धनेश खो खो हसला. हेमचंद्रांनाही हसू आलं, पण त्या खरखरीने ते लगेच विरलं.

त्या आवाजासाठीच तर हे सगळं चाललं होतं. नलूच्या घशातली गाठ स्वरयंत्रापर्यंत गेली होती; येत्या सोमवारी परळच्या इस्पितळात ते काढून टाकायचं ठरलं होतं. जीव वाचेल, असं डॉक्टर खात्रीने म्हणत होते. आवाज मात्र जाणार होता. तिथल्या वाचा-उपचार करणाऱ्या मुलीने एक गोष्ट सुचवली होती. नेहमी लागणारी वाक्यं आत्ताच रेकॉर्ड करून ठेवा. पुढे मोबाइलवर बोट ठेवलं की तुमचंच वाक्य तुमच्याच आवाजात ऐकू येईल.

नलूने सगळी नोकरी फोर्टमधल्या एका कंपनीच्या टेलिफोन बोर्डावर केली होती. हेमचंद्रांनी तिला पाहण्याआधी ऐकलं होतं. वीजपुरवठा खात्याच्या सबस्टेशनमधून ते त्या कंपनीत फोन लावत, आणि पलीकडून “एक क्षण हं, जोडून देते” असं येई. तो आवाज एका मोबाइलच्या भरवशावर सोडायला ते तयार नव्हते. “बाबा, क्लाउडवर टाका ना,” असं मुलगी श्रेयाने पुण्याहून दोनदा सांगून पाहिलं होतं. नाही. घरात एक लहानसा सर्व्हर हवा. त्यात दोन डिस्क, प्रत्येक वाक्याची प्रत दोन्हींवर. आधी टाकी धुवायची, मग पाणी भरायचं, हा त्यांचा खाक्या. त्यामुळे इतके दिवस बोर्ड निवडण्यातच गेले होते, आणि एकही वाक्य रेकॉर्ड झालं नव्हतं.

“धनेश, मला एक सांग,” नलू उठून काउंटरपाशी आली. “यातला गप्प कुठला बसतो?”

“हा, काकी. एकदम सायलेंट.”

“मग तोच दे.” ती नवऱ्याकडे वळली. “अहो, सोमवारनंतर मला हाक मारता येणार नाही. गळ्याला भोक असेल, श्वास तिथून. रात्री मी धडपडले तर तेवढीच फुसफुस ऐकू येईल तुम्हाला. दोन खोल्यांच्या घरात ते यंत्र घुं घुं करत बसलं, तर मी काय टाळ्या वाजवू?”

हेमचंद्रांनी भिंग खिशात ठेवलं. इतके दिवस त्यांनी सगळ्याचा विचार केला होता. वीज गेली तर, डिस्क बिघडली तर, हवा दमट असेल तर. हा विचार त्यांच्या मनाला शिवला नव्हता.

“बांध,” ते धनेशला म्हणाले.

घरी येताच त्यांनी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं, बोर्ड पेटीत बसवला, मेमरी दाबून बसवली, वायरी दोऱ्याने नीट बांधल्या. यंत्र चालू झालं तेव्हा हिरवा दिवा लागला. आवाज कसलाच नाही. हेमचंद्रांनी पात्यांच्या ठोकळ्यावर बोट ठेवलं. कोमट.

“झालं?” नलूने विचारलं.

“आता चाचणी. आठवडाभर रिकामं चालवून बघायचं. नवा ट्रान्सफॉर्मरसुद्धा आम्ही आधी रिकामा चालवायचो, मगच वस्तीचा भार...”

“आठवडाभर?” नलू ओरडली. “अहो, सोमवारी ऑपरेशन आहे! आणि माझी चाचणी कोण घेतंय? रोज सकाळी उठून मी आधी बघते, आहे की गे...”

पुढचं अक्षर आलंच नाही. तिचे ओठ हलले, हात गळ्याकडे गेला, नुसती हवा बाहेर पडली. तिने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा हवाच. मग ती खुर्चीवर बसली आणि नवऱ्याकडे बघत राहिली. त्या बघण्यात राग नव्हता, म्हणूनच ते हेमचंद्रांना सोसवेना. त्यांनी पाणी दिलं, वाफ दिली. संध्याकाळ सरली तरी आवाज परतला नाही. पडद्यावर चाचणीचे आकडे मात्र एकही चूक न दाखवता सरकत राहिले. निर्दोष यंत्र आणि त्यात ठेवायला काहीच नाही, अशी ही स्थिती आपणच ओढवून आणली, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं.

सकाळी ते दाढी करत असताना स्वयंपाकघरातून घोगरा आवाज आला. “अहो, चहा निवतोय.”

हेमचंद्र तोंडाला साबण तसाच ठेवून बाहेर आले. टेबलापाशी गेले आणि त्यांनी चाचणी अर्धवट थांबवली. चाळीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी असं कधी केलं नव्हतं.

“बस इथे,” ते म्हणाले. “चहा इथेच घे.”

त्यांनी मायक्रोफोन तिच्यापुढे ठेवला. “म्हण. मला पाणी हवे आहे.”

“असं कोण बोलतं?”

“म्हणजे?”

“हवे आहे! मी असं बोलले तर तुम्ही घाबरून डॉक्टरला फोन कराल.” नलूने चहाचा घोट घेतला, घसा साफ केला आणि मायक्रोफोनकडे झुकली. “अहो, पाणी देता का जरा?... ओला टॉवेल पलंगावर टाकू नका... भैया, थोडी कोथिंबीर उपर से डालो... मी रागावलेली नाहीये, पण विषय बदला.”

“हे शेवटचं कशाला?”

“सगळ्यात जास्त तेच लागणार आहे.”

प्रत्येक वाक्यानंतर ती थांबे, दम घेई. खिडकीखालून टेम्पोचा हॉर्न आला तेव्हा हेमचंद्रांनी एक वाक्य पुन्हा घ्यायला लावलं. कुकरची शिट्टी झाली तेव्हा आणखी एक. दोन्ही डिस्कवर प्रती उतरत होत्या. तिचा आवाज चिरत होता, मधेच बसत होता, पण होता.

“एक क्षण हं,” एकाएकी ती जुन्या, लांबवलेल्या सुरात म्हणाली, “जोडून देते.” आणि नवऱ्याकडे न बघता कपातला चहा संपवू लागली.

हेमचंद्रांनी चष्मा पुसायला घेतला.

तेवढ्यात गॅलरीतून शेजारच्या राधाबाईंची हाक आली. “नलूताई, ओलं खोबरं आहे का गं वाटीभर?”

“आले गं!” नलूने होता नव्हता तेवढा जोर लावून ओ दिली आणि ती उठून गेली. रेकॉर्डिंग चालूच राहिलं. फ्रीजचं दार उघडल्याचा आवाज झाला, मग गॅलरीत दोघींचं काहीतरी सुरू झालं. खोबऱ्यावरून आमटीवर, आमटीवरून कुणाच्या तरी सुनेवर. शब्द नीट कळत नव्हते. मधेच नलू हसली. घोगरं, अडखळत, पण पोटातून.

हे काही कामाचं वाक्य नव्हतं. हेमचंद्रांनी थांबवायला बोट पुढे केलं, आणि मागे घेतलं. खुर्ची जुनी होती, जरा हललं तरी करकरायची. म्हणून ते दोन्ही हात मांडीवर ठेवून, श्वाससुद्धा हळू घेत, मुळीच न हलता बसून राहिले.