रविवारची घरघर

बाबांच्या जुन्या पद्मिनीचा मागचा एक्सल सारखा घूंऽऽ करायचा. दर रविवारी ते ठाकुर्लीहून ठाण्याला आमच्याकडे यायचे. गाडी गल्लीत वळली की माझा अकरा महिन्यांचा निमिष हातातलं टाकून ग्रिलपाशी रांगत जायचा. बाबा खालूनच हात हलवायचे.

मला मात्र त्या आवाजामुळे शेजाऱ्यांची लाज वाटायची. बाबांच्या वाढदिवसाला मी वागळे इस्टेटमधल्या गॅरेजात डिफरन्शियलसकट अख्खा एक्सल बदलून घेतला.

"जुना नेताय का, ताई?" मिस्त्रीने विचारलं.

"छे, भंगारात घाला."

पुढच्या रविवारी मी पोळ्या लाटत होते, निमिष डब्याच्या झाकणाशी खेळत बसलेला. बेल वाजली. दारात बाबा.

"अगं, खाली केव्हाचा उभा होतो. छोटे साहेब झोपलेत वाटतं?"

"नाही बाबा. त्याला कळलंच नाही."

बाबांनी झाकणाकडे पाहिलं. "गाडी लोण्यासारखी चालतेय हं," ते माझी समजूत काढत म्हणाले.

गॅरेजात फोन केला, तर जुना एक्सल केव्हाच वितळवायला गेलेला.

त्यानंतरच्या रविवारी बाबांनी खालून हॉर्न वाजवला. आमच्या गल्लीत सगळेच वाजवतात. निमिष झाकणाशी खेळत राहिला.