शहाण्या बाळाची झोप

ओदिल आठ महिन्यांचा झाला तरी दिवसभर झोपायचा आणि गल्लीतल्या बायका सवरीचा हेवा करायच्या. जर्दाळू उतरवायचे दिवस. जो तो अंगणात फळं फोडून वाळत घालायच्या घाईत, आणि कोणाचं ना कोणाचं पोर भोकाड पसरलेलं. शांतता काय ती एकट्या सवरीच्या घरात. सासू ओयजमोल सकाळीच नातवाला पाळण्यात निजवायची, हातपाय पट्ट्यांनी बांधायची, वरून पांघरूण ओढायची आणि सुनेला, तिच्या बोलीत केलिनला, म्हणायची, "जा केलिन, तू बागेत जा. माझ्या हातची पोरं रडत नाहीत." सवरी जायची. खरं सांगायचं तर तिला ते सोयीचंच होतं. पाच बाळंतपणं झालेल्या बाईला पहिलटकरणीनं काय शिकवायचं?

लस टोचायला नेलं तेव्हा गावच्या दवाखान्यातल्या नर्सनं, मुहब्बतनं, सहज विचारलं, झोपतो किती. सवरीनं तोऱ्यात सांगितलं, अठरा तास, कधी वीससुद्धा. मुहब्बतनं हातातली सुई खाली ठेवली. पहिल्या महिन्यात मूल सोळा-सतरा तास झोपतं, ती म्हणाली, पण आता रात्रीची न् दिवसाची मिळून तेरा-चौदा तास झोप पुरे. उरलेल्या वेळात त्यानं बसायचं, रांगायचं, हाताला लागेल ते तोंडात घालायचं. बसतो का हा?

ओदिल बसत नव्हता. मान धरायलाही त्याला कष्ट पडत होते. मुहब्बतनं त्याची पापणी वर केली. खोलीत उजेड बेताचाच, तरी बुबुळातला काळा ठिपका मोहरीपेक्षा बारीक झालेला.

"दुधातून काय देता याला?"

सवरीला एकदम आठवलं. चुलीमागे एक कान तुटलेली चहादाणी असायची. अफूची वाळकी बोंडं उकळलेलं पाणी, पोटदुखीवर जुनं औषध, एवढंच सासूनं सांगितलं होतं. आणि सवरीनं पुढं काही विचारलं नव्हतं.

पाच दिवस शहरातल्या इस्पितळात गेले. पहिले दोन दिवस डॉक्टर त्याचे श्वास मोजत होते. घरी सोडताना ते म्हणाले, आता काही दिवस चिडचिड करेल, रडेल, रडू द्या. असंच चालू राहिलं असतं तर एखाद्या दुपारी हा उठलाच नसता.

हेच वाक्य सवरीनं घरी येऊन, उंबरठ्यावरच, जसंच्या तसं सासूच्या तोंडावर मारलं. वाटभर ती राग चघळत आली होती. सासूवरचा आणि स्वतःवरचाही, पण स्वतःवरचा बोलून दाखवणं कोणाला जमतं?

ओयजमोल भांडली नाही. भिंतीला हात लावून खाली बसली.

"नुरुल्लोलाही मी तेच देत होते," ती म्हणाली.

नुरुल्लो तिचा दुसरा मुलगा. सात महिन्यांचा असताना गेला, कापूस वेचायच्या दिवसांत. तेव्हा सगळ्या बाया पोरांना ते पाणी पाजून शेतावर जायच्या. नुरुल्लोला मात्र दृष्ट लागली असं सगळे म्हणाले, आणि तीस वर्षं ओयजमोल एका हिरव्या डोळ्यांच्या शेजारणीशी बोलत नव्हती. नुरुल्लो गेल्याचं सवरीला ठाऊक होतं. बोलताना आठवलं नाही, एवढंच. आता शब्द परत घेता येत नव्हते.

दुसऱ्या दिवशी चहादाणी फेकून देऊन सवरी बागेत गेली. दुपारी परत आली तो ओदिलचा टाहो गल्लीच्या तोंडाशी ऐकू आला. पाळणा भिंतीकडे सरकवलेला. पोर सासूच्या मांडीवर, डोळे लाल, डोकं डुलतंय. डोळा मिटला की ओयजमोल त्याच्या पायाला चिमटा काढत होती.

"ओचा," सवरीनं सासूला हाक मारली, "काय करताय?"

"झोपू नाही देणार मी याला."

सवरीनं पोराला घेतलं. खांद्यावर टाकताच तो गाढ झोपला. तो सगळा राग सकाळपासून कुठे गेला होता कोण जाणे. तिला फक्त म्हातारीची कीव आली.

"त्याला झोप लागते, ओचा. दुपारची लागतेच. दोनेक तासांनी उठेल तो."

"आणि नाही उठला तर?"

सवरीनं सासूचा हात धरून ओदिलच्या नाकाखाली नेला. ओयजमोलनं तो काढला नाही. अंगणात जर्दाळूंवर माश्या बसत होत्या, फळं उलटायची राहिली होती. दोघींपैकी कोणी उठलं नाही. एकदा सवरीलाच डुलकी लागली. जागी झाली तर सासूचा हात तिथेच.

उन्हं कलल्यावर ओदिलनं पाय ताणले, तोंड वाकडं केलं आणि भुकेनं जोरात रडायला लागला.

"हा उठला," ओयजमोल म्हणाली. मग हात मांडीवर ठेवून ती हलक्या आवाजात म्हणाली, "त्या दिवशी नुरुल्लो इतका वेळ झोपला होता, केलिन, आणि मी त्याच शेजारणीला सांगत होते, माझं पोर किती शहाणं आहे."