लाल दिव्याचा चौकोन

मित्रांनो, मी एक जुना कॅपचा आहे. नाव ऐकताच तोंड वाकडं केलंत ना? करा, मला सवय आहे. फोनवर तिकीट काढताना मध्येच नऊ चित्रं दाखवून "तुम्ही माणूस आहात ना?" असं विचारतो, तोच मी.

कोचीतल्या एका लहानशा कचेरीत लिझी नावाच्या मुलीनं मला घडवलं आणि नीलतीर बोट कंपनीच्या तिकीटविक्रीवर राखणीला बसवलं. लक्षद्वीपच्या बेटांवरून कोचीला येणारी ही बोट आठवड्यातून एकदाच सुटे. जागा मोजक्या, त्याही दलालांची यंत्रं क्षणात पळवून नेत. पहिल्या वर्षी मी त्या यंत्रांना असं काही हाकललं की लिझी म्हणाली, "शाब्बास रे माझ्या वाघा!" माझ्या वाट्याला आलेलं कौतुक तेवढंच. पुढे ती नोकरी सोडून गेली. माझी चित्रं मग कुणी बदललीच नाहीत. लोक येत, वैतागत आणि निघून जात. यंत्रं मात्र रोज येऊन मला पाठ करत होती.

एका सकाळी बेटावरची मुत्तुबी फोनवर तिकीट काढायला आली. तिची लेक रसिया अवघड बाळंतपणासाठी कोचीच्या इस्पितळात होती, आणि "उम्मा, तू हवीस" असा धोशा तिनं लावला होता. मुत्तुबी बेट सोडून कधी कुठे गेली नव्हती, आणि बेटावरच्या रस्त्यांना सिग्नल नव्हते. शेजारी तिला 'इत्ता', म्हणजे ताई, म्हणणारा तिचा धाकटा भाऊ चेरियकोया होता. मी विचारलं, सिग्नल कोणत्या चित्रांत आहे?

"इत्ता, हा रस्त्यावरचा खांब असेल बघ."

"गप रे येड्या! ती कुणाच्या तरी लग्नाची रोषणाई आहे. तीन तीन रंग दिसत नाहीत? सिग्नल हा, बंदराच्या तोंडावरचा लाल दिवा. रोज रात्री याच्याच भरवशावर नाव आत आणतोस ना?"

"रोषणाई म्हणे! नवरदेव कुठंय मग?"

दोघं खदखदून हसली. मलाही बरं वाटलं. कित्येक वर्षांत माझ्यासमोर कुणी हसलं नव्हतं.

भावाला येडा म्हणणारी ही बाई माणूस नाही तर कोण? पण मला फक्त उत्तर तपासायचा हुकूम होता. "पुन्हा प्रयत्न करा," मी दाखवलं. तिनं हट्टानं पुन्हा लाल दिवाच निवडला. तेवढ्यात दलालाचं यंत्र आलं. त्यानं न अडखळता खांबांचे चौकोन दाबले आणि उरलेली सगळी तिकिटं नेली.

"संपली, इत्ता."

"अरे, मी माणूस आहे हे याला आणखी कसं सांगू?" मुत्तुबी रडवेली झाली.

मला सगळं ऐकू येत होतं, पण बोलायला तोंड नव्हतं. त्या दिवसाइतकं एकटं मला कधीच वाटलं नाही.

पुढच्या आठवड्यात ती परत आली. रसियाला मुलगी झाली होती, आई जवळ नसताना. या वेळी भावानं दाखवले ते खांब मुत्तुबीनं मुकाट्यानं दाबले आणि लाल दिवा सोडून दिला. मी तिला तिकीट दिलं.

आता मला काढून टाकणार आहेत. मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणीतरी माझ्या जागी दुसरा राखणदार घडवेल. त्याला नुसते डोळे-कान देऊ नका. कान तर मलाही होते; त्याला कानांनी ऐकलेलं खरं मानायची मुभाही द्या. मी मुत्तुबीला ओळखलं होतं हो. ती हसली, तेव्हाच ओळखलं होतं.