जोडी बदल

बेलार्मिनोचं घर ओढायचा दिवस होता. घराखाली दोन तासलेले ओंडके घातलेले, पुढं बैलांच्या सहा जोड्या, दोरांना साठेक माणसं. बायकांनी खड्ड्यात तापल्या दगडांवर शिंपले, डुकराचं मांस आणि बटाट्याच्या भाकऱ्या रचायला घेतल्या होत्या. चिलोएच्या बेटांवर घर जागेवरून हलवायचं तर असंच हलवतात. गावानं ओढायचं, घरवाल्यानं जेवण घालायचं.

बैल हाकायला रोसामेल. या कामात त्याचा हात धरणारा बेटावर कुणी नव्हता, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा. बेलार्मिनो त्याच्या बहिणीचा, नोएमीचा नवरा.

अर्ध्या चढावर बेलार्मिनो दोरावरच खाली बसला. लोक हसले. "काय दाजी, एवढ्यातच भूक लागली?" रोसामेल ओरडला. तेवढ्यात बेलार्मिनो आडवा झाला आणि हसणं बंद पडलं.

गावच्या दवाखान्यातली नर्स ओर्फेलिना धावत आली. मानेला बोटं लावली, तोंडाशी गाल नेला.

"श्वास नाही. रोसामेल, गुडघ्यावर बस. छातीच्या मधोमध दोन्ही हात ठेव. जोरात दाब, भरभर दाब, छाती पुरती वर येऊ दे. कुणीतरी पलीकडं फोन लावा, छातीला विजेचा झटका द्यायचं मशीन घेऊन यायला सांगा."

पलीकडच्या काठावरून बोट यायची म्हणजे अर्धा तास कुठं गेला नाही.

रोसामेल दाबायला लागला. आपल्या अंगात रेड्याचं बळ आहे, अर्धा तास काय, दिवसभर दाबू, असं त्याला वाटत होतं. ओर्फेलिना घड्याळ बघत होती. दोन मिनिटं झाली तशी म्हणाली, "बदल. एरार्दो, तू ये."

"मला काय धाड भरलीय? मी दमलो नाही."

"दमलास."

"अगं बाई, माझं अंग मला कळत नाही का? माझा दाजी आहे तो. मी सोडणार नाही."

बरोबरच होतं त्याचं, त्याच्या हिशेबानं. घर ओढताना ज्यानं दोर सोडला त्याला गाव वर्षभर दोरसोड्या म्हणतं. त्यात समोर नोएमी, शालीत तोंड खुपसून उभी.

ओर्फेलिना ओरडली नाही. त्याच्याजवळ वाकून म्हणाली, "मघाशी चढावर तांबडी जोडी सोडवून दुसरी का जुंपलीस? पडले होते का बैल?"

"पडल्यावर सोडवून काय उपयोग?" दाबता दाबताच तो खेकसला. "त्यांचं पाऊल आखूड पडायला लागलं होतं. बैलाला स्वतःला कळत नाही ते, मागून बघणाऱ्याला..."

बोलता बोलता त्यानं खाली आपल्या हातांकडं बघितलं. छाती अर्धीच खाली जात होती.

"ऊठ," ओर्फेलिना म्हणाली.

तो बाजूला झाला. एरार्दोचे हात पडायला क्षणाचाही खळ पडला नाही. उठल्यावर मात्र रोसामेलचे दंड असे लटलटायला लागले, की त्याला सदऱ्याचं बटणसुद्धा काढता येईना.

आता ओर्फेलिना दवाखान्यातून मागवलेल्या रबरी फुग्यानं श्वास देत होती आणि घड्याळ रोसामेलच्या हातात आलं. चार जण आळीपाळीनं दाबत होते. दोन मिनिटं झाली की तो आरोळी द्यायचा, "जोडी बदल!" पुढचा माणूस समोर गुडघ्यावर आधीच तयार. तिसरी पाळी आली आणि रोसामेलला दिसलं, की एरार्दो मिनिटभरातच ढिला पडतोय. चौघांवर निभणार नाही. आणि बाकीचे गडी? सकाळपासून दोर ओढून त्यांची तोंडं फेसाळलेली.

त्यानं खड्ड्याकडं बघितलं. "एर्मेलिंडा! पोरींना घेऊन ये!"

एर्मेलिंडा त्याची बायको. आदल्या दिवसापासून तिनं आणि तिच्या सोबतिणींनी भाकऱ्यांसाठी पोतंभर बटाटे किसून पिळले होते. तिघींना घेऊन ती हात पुसत आली.

"कीस पिळतेस तसा जोर लाव. कोपरं मात्र ताठ ठेव, आणि..."

"तू घड्याळ बघ," ती म्हणाली आणि बसली.

काय दाबलं तिनं! ओर्फेलिनाच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जीव आला. "असंच. सगळ्यांनी हिच्यासारखं." मग आठ जण झाले, पुरते ताजे होऊन परत यायचे. कुणी 'अजून थोडं करतो' म्हणालं, की रोसामेल त्याच्या खांद्याला धरून उठवायचा. "मला शिकवू नकोस, मीपण हेच म्हणालो होतो."

एकतिसाव्या मिनिटाला बोट लागली. पहिला झटका, काही नाही. पुन्हा दाबलं. दुसरा झटका, आणि मशीनवरची रेघ नीट उड्या मारायला लागली. बोटीवरच्या डॉक्टरनं मान वर केली.

"किती जण होतात?"

"आठ," रोसामेल म्हणाला.

"दोघं-तिघं असतात ना, तर मी इथं नुसतं कागद भरायला आलो असतो."

बेलार्मिनोला बोटीत घातलं, पाठोपाठ नोएमी निघाली. चढताना तिनं भावाच्या गालावर हात ठेवला.

सहाव्या दिवशी हॉस्पिटलातून फोन आला. "रोसाऽऽमेल! कुण्या हरामखोरानं माझ्या बरगड्या मोडल्या? खोकता येत नाही मला!"

"दाजी, शिव्या घरी आल्यावर द्या."

"सोमवारी येतोय. नाव सांग आधी!"

रोसामेलनं फोन कानापासून लांब धरला आणि बायकोपुढं केला. "घे. तुलाच विचारतायत."