तेंतुलतला रोडची पिकदाणी

मित्रांनो, नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या, म्हणजे पुढे मध्येच थांबायला नको. मी एक जुनी पिकदाणी आहे. पितळेची. तोंड पसरट, मान बारीक, पोट गोल. लांबून पाहिलंत तर फुलदाणी म्हणाल, आणि असल्याच एका चुकीपायी पुढचं सगळं घडलं.

माझा जन्म मुर्शिदाबादकडे खागड्याच्या कासाराच्या हातून झाला. त्याच पितळेतून, त्याच हातोडीखाली पूजेचा एक घटही घडला. आम्ही दोघं शेजारी शेजारी थंड झालो. एक गिऱ्हाईक आलं, त्यानं घट उचलून कपाळाला लावला. दुसरं आलं, त्यानं मला उचललं, आत डोकावलं आणि विचारलं, ह्यात मावेल किती? आपल्या वाट्याला काय येणार ते मला तिथंच कळलं.

मला नेलं निकुंज भादुडी डॉक्टरांनी. कोलकात्याच्या उत्तरेला, पानिहाटीत, तेंतुलतला रोडवर त्यांचा होमिओपॅथीचा दवाखाना होता. रस्त्याचं नावच चिंचेवरून पडलेलं, आणि ती चिंच डॉक्टरांच्या दारासमोर उभी. साखरेच्या गोळ्या जिभेवर ठेवायच्या तर तोंड स्वच्छ हवं, असा डॉक्टरांचा नियम. त्या रस्त्यावर रिकाम्या तोंडानं फिरणारा माणूस शोधून सापडला नसता. म्हणून दाराशी मी. रोग्यानं आधी पान माझ्यात थुंकायचं, मग चूळ माझ्यात टाकायची, आणि आत जाऊन डॉक्टरांना सांगायचं की पान केव्हाच सोडलं.

सगळा रस्ता माझ्या पोटातून गेला. छापखान्याच्या मजुमदारांची थुंकी शाईनं काळी असायची. घड्याळवाले नंदीबाबू बायकोशी भांडून आले की चुन्याचा अंश वाढलेला असायचा. मिठाईवाला माखन, आडनावानंही मोदक, खांद्यावर एक पंचा टाकून यायचा. त्याच पंच्यानं तो मान पुसायचा, त्याच पंच्यानं माझ्या काठावर उडालेलं पुसायचा, आणि तोच पंचा घेऊन रसगुल्ल्यांच्या थाळ्या पुसायला परत जायचा. लोक म्हणायचे, माखनच्या हाताला चव आहे. असणारच.

पण ओंगळपणात पुलिन हालदारांचा हात कुणी धरला नाही. समोरच साड्यांचं दुकान, दुकानात अत्तर, अंगावर इस्त्रीचं धोतर. संध्याकाळी डॉक्टरांच्या ओट्यावर गप्पांना बसायचे. मी त्यांच्या डाव्या पायाशी, तोंड उघडं टाकून. पण वाकायचा आळस. बसल्या जागेवरून ते माझ्या डोक्यावरून पिचकारी मारायचे, ती जाऊन पडायची चिंचेच्या बुंध्याशी. आणि बुंध्याशी बसायचा नकुल रुईदास, चपला शिवणारा. हालदारांचे गाल फुगलेले दिसले की नकुल आपली लोखंडी ऐरण आणि रापी उचलून झाडापलीकडे सरकायचा. पिचकारी पडली की परत येऊन टाका जिथं राहिला तिथून पुढे घालायचा. दोघांनाही त्यात काही बोलण्यासारखं वाटत नसे. मला वाटत असे, पण माझं तोंड दुसऱ्या कामाला लावलेलं.

नकुलची बायको टुसू. दवाखान्याची झाडलोट आणि माझी धुलाई तिच्याकडे. रोज सकाळी ती मला मागच्या नळावर न्यायची, नाक पदरात धरून रिकामी करायची, मग त्याच झाडाची चिंच आणि चुलीतली राख घेऊन घासायची. वरवर नाही. मानेतून बोटं आत घालून, तळापर्यंत. घासता घासता माझ्याशी बोलायची. "काय गं भवाने, काल किती खाल्लंस?" त्या रस्त्यावर माझ्याशी बोलणारी ती एकटीच. बाकीचे माझ्यात बोलायचे.

एकदा तिच्या हातून निसटून मी दगडावर आपटले आणि मानेखाली पोचा पडला. तिनं डॉक्टरांना सांगितलं नाही. तेव्हापासून ती बाजू भिंतीकडे वळवून ठेवायची. हा पोचा लक्षात ठेवा, मित्रांनो.

पुढे डॉक्टर गेले. दवाखाना बंद झाला आणि मी गोणपाटात बांधून माळ्यावर गेले. रस्ता रुंद करताना चिंच पाडली, हे मला वर आवाजावरून कळलं. नकुल एक उन्हाळा उघड्यावरच बसला म्हणतात. पुढचा उन्हाळा त्यानं पाहिला नाही.

मला खाली काढलं ते यंदा, दुर्गापूजेच्या तयारीत. आमच्या रस्त्याच्या क्लबानं ह्या वर्षी मांडवाचा विषय ठरवला होता, ‘आपला जुना रस्ता’. दोन्ही बाजूंना बांबू आणि कापडाची जुनी दुकानं, मधून चालत गेलं की शेवटी देवी. दर रविवारी म्हातारी मंडळी क्लबात जमून आठवणी सांगायची, आणि घराघरांतून जुन्या वस्तू यायच्या. डॉक्टरांच्या सुनेनं माझं गोणपाट आणून दिलं. ती लग्न होऊन आली तेव्हा मी माळ्यावर होते. म्हणाली, सासऱ्यांच्या देवघरातलं असावं. मांडव रचायला आणलेला कलाकार मला हातात धरून कितीतरी वेळ फिरवत राहिला. काय घाट आहे, म्हणाला. त्यानं मला असं चमकवलं की मी मलाच ओळखलं नसतं. ठरलं की देवीचं तीर्थ माझ्यातून वाटायचं. दुसऱ्याच दिवशी माझा फोटो निमंत्रणपत्रिकेवर.

तोवर मी फळीवर बसून आठवणी ऐकत होते. अध्यक्ष कोण, तर पुलिन हालदार. केस काळे केलेले, आवाज मऊ. म्हणायचे, तेव्हा आम्ही सगळे एका कुटुंबासारखे होतो, लहान नाही, मोठा नाही. कुणीतरी माखनच्या रसगुल्ल्यांची आठवण काढून डोळे पुसले. स्वच्छता काय होती, म्हणाली एक बाई. मित्रांनो, जन्मभर मी माणसांच्या तोंडातलं झेललं. ज्वराचं झेललं, जर्द्याचं झेललं, किडक्या दाढेचं झेललं. पण मळमळलं मला त्या रविवारी. थुंकी निदान खरी असते.

त्यातल्याच एका रविवारी टुसू आली. पाठीला बाक आला होता, हातात पिशवी, पिशवीत नकुलची ऐरण. ती टेबलावर ठेवून म्हणाली, रस्ता उभारताय तर चिंचही उभारा, आणि चिंचेखाली माझा माणूस बसवा.

"मावशी, हे दुकानांचं आहे," हालदार समजावणीच्या सुरात म्हणाले. "नकुलचं दुकान कुठं होतं? तो नुसता बसायचा."

"बसून काम करायचा, हालदारबाबू. नुसते बसायचात तुम्ही, ओट्यावर."

कुणीतरी हसू दाबलं. हालदारांनी जागा नाही म्हणून सांगितलं, पुढच्या वर्षी बघू म्हणून सांगितलं, आणि तिला कागदी कपात चहा द्यायला लावला. ऐरण टेबलावरून उचलून तिच्या पिशवीत परत ठेवली, तीही रुमालानं धरून.

ती निघाली आणि दाराशी तिची नजर माझ्यावर पडली. जवळ आली. तिचा हात सरळ माझ्या मानेखाली गेला, पोचा होता तिथं. अंगठा बरोबर त्यात बसला.

"तू होय," ती पुटपुटली.

तिनं कलाकाराला विचारलं, हे इथं कशाला? तो म्हणाला, तीर्थासाठी, मावशी. टुसूचे खांदे हलायला लागले. ती हसायची तेव्हा आवाज कधीच यायचा नाही. मग चहा संपवून तिनं हालदारांना व्हरांड्यात बोलावलं. फळी खिडकीलगतच होती, त्यामुळे माझ्या कानावर सगळं आलं.

"ते भांडं ओळखलंत का, हालदारबाबू?"

"डॉक्टरांचा मंगलघट आहे तो."

"ओट्याखाली असायचा तुमचा मंगलघट. तुमच्या डाव्या पायाशी."

हालदार वळले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. जन्मभर माझ्या डोक्यावरून थुंकलेल्या माणसानं मला कधी बघितलंच नव्हतं, मग ओळखणार कुठून? तोंडाचा रंग उतरला त्यांच्या. पत्रिका वाटून झाल्यात, ते म्हणाले. सगळ्या रस्त्याला तोंड कसं दाखवू?

"मी कुठं कुणाला सांगतेय," टुसू म्हणाली. "तुम्ही फक्त झाड लावा. आणि खाली माझा माणूस."

"आणि नाही लावलं तर?"

"तर अष्टमीला मी तीर्थाच्या रांगेत असेनच. म्हातारं माणूस, बोलता बोलता काहीतरी निघून जातं."

मला वाटलं होतं, हा माणूस आता मला तरी बाजूला काढेल. लोकांच्या तोंडात काय जाणार ह्याचा एकदा तरी विचार करेल. त्यांनी पत्रिकेचा विचार केला. मी होते तिथंच राहिले. झाड मात्र उभं राहिलं, बांबूचं खोड आणि कापडाची पानं. खाली मातीचा नकुल, पुढ्यात खरी ऐरण, मागे पाटी: नकुल रुईदास, चपला शिवणारे. हालदार येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, ही कल्पना माझी.

अष्टमीला पुजाऱ्यानं माझ्यात दूध, मध, तुळस आणि गंगेचं पाणी घातलं. मित्रांनो, मी तोपर्यंत कधी घाबरले नव्हते. सगळा रस्ता रांगेत उभा, तळहात पुढे. हालदार मागच्या मागे सटकत होते, पोट बरं नाही म्हणत. टुसूनं त्यांना सगळ्यांदेखत हाक मारली.

"अध्यक्षांच्या शेजारी उभी राहते हं मी. म्हातारीला आधार."

आणि तिनं आधी आपला तळहात पुढे केला. पुजाऱ्यानं तीर्थ घातलं. टुसू शांतपणे प्यायली, ओला हात डोक्यावरून फिरवला आणि हालदारांकडे वळली.

"घ्या. आतून बोटं घालून, चिंचेनं घासत आलेय मी हे भांडं. किती स्वच्छ आहे ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक?"

लोकांना वाटलं, म्हातारीनं पूजेसाठी भांडं घासून दिलं. कौतुकानं माना हलल्या. हालदारांचा तळहात पुढे आला. डोळे मिटून त्यांनी तोंडाला लावलं. गळ्याची गाठ वर गेली, बराच वेळ वरच थांबली, मग खाली आली. केवढी भक्ती, असं मागची बाई म्हणाली. कुणीतरी फोटोही काढला.

तीर्थानं कुणाचं पोट बिघडलं नाही. त्याचं श्रेय सगळ्यांनी देवीला दिलं.

नवमीच्या दुपारी हालदार त्या खोट्या रस्त्यावरून चालले होते, तोंडात पान. कापडाच्या चिंचेपाशी आले आणि जुन्या सवयीनं गाल फुगले, मान बुंध्याकडे वळली. मातीच्या नकुलला ऐरण उचलून सरकता येत नव्हतं. शेजारी टुसू स्टुलावर बसली होती. ती नुसती बघत राहिली. हालदार फुगलेल्या गालांनी उभे राहिले. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. आणि गिळलं. पान, चुना, जर्दा, पिंकेसकट सगळं.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असं मी सांगणार नाही. जपणारे मी पाहिले. एवढंच मागते, की थुंकायच्या आधी तिथं कोण बसलंय ते बघत जा. आठवणी सांगायच्या आधीही बघत जा.

आता मी क्लबाच्या काचेच्या कपाटात असते. खाली चिठ्ठी, ‘मंगलघट’. लोक येता-जाता हात जोडतात, मला शिसारी येते. मातीचा नकुल दाराशी बसवलाय; मांडव उतरला तरी त्याला हलवा म्हणायची हिंमत हालदारांना झाली नाही. टुसू अधूनमधून येते, पदरानं त्याची धूळ पुसते. मग माझ्याकडे येते आणि काचेवर टिचकी मारते.

"काय गं भवाने," ती विचारते, "आज उपासच का?"